आठव्या पट्टीची खरखर

दातांच्या डॉक्टरचा उजवा हात सगळ्यांच्या लक्षात राहतो, कारण त्यात सुई असते, पकड असते. डावा हात दिवसभर एकच काम करतो: आरसा धरून दुसऱ्याचा गाल ओढून ठेवतो. नाशिकमधली बरीच मोठी माणसं माझ्या खुर्चीत बसली की आपला गाल आणि जीभ अशी काही दाबून धरतात की जणू मी त्यांची तिजोरी फोडायला आले आहे. इतकी वर्षं असे गाल ओढल्यावर माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी बोटांनी दाबून पाहिलं आणि हाताला विश्रांती द्या म्हणून सांगितलं. मीही लोकांना असंच सांगते, कडक खाऊ नका म्हणून. कोण ऐकतं?

आणि नेमकं त्याच सुमारास मी गिटार हातात घेतली.

गिटार मुलीची. कॉलेजात असताना तिनं हट्टानं इलेक्ट्रिक गिटार घेतली, वर्षभर चार सूर वाजवले आणि नोकरीसाठी बंगळुरूला जाताना ती कपाटावर ठेवून गेली. इंदिरानगरमधल्या आमच्या घरात तिचं बाकी सगळं सामान मी बांधून माळ्यावर टाकलं, गिटार तेवढी खाली राहिली. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा मी ती काढून बसू लागले. मोबाइलवर बघून बघून बोटं बसवायची. आवाज बरा यायला लागला तसा अंगठा जास्त दुखायला लागला, कारण त्या गिटारच्या तारा फारच उंच होत्या. तार खाली दाबून गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर टेकवायची म्हणजे रुग्णाचा गाल ओढण्याइतकंच कष्टाचं काम. तारा खाली आणल्या तर दाबायला जोर कमी लागेल, हे समजायला कुणाची शिकवणी नको होती.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक वाद्यांचं दुकान आहे. कुंभमेळ्याच्या तयारीत रस्ते खणून ठेवलेले, त्यातून स्कूटर काढत मी गिटार पाठीला लावून तिथं गेले. दुकानदार एका भजनी मंडळाला टाळ दाखवत होता. त्यानं माझी गिटार हातातही घेतली नाही. तारा खाली केल्या की त्या पट्ट्यांना घासून खरखर येणारच, असं त्याचं म्हणणं. "मॅडम, एक तर उंची घ्या, नाहीतर खरखर घ्या. दोन्हीतून सुटका नसते," असं त्यानं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि वर बायकांसाठी नायलॉनच्या तारांची छोटी गिटार येते तीच बरी, असं सुचवलं. मी तशीच परत आले.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच म्हणाला की त्याच्या मित्राला दाखवू.

हा मित्र म्हणजे नवऱ्याचा कॉलेजपासूनचा. मी त्यांना भाऊजी म्हणते. व्यवसायानं ते सल्लागार आहेत. कशाचे, ते मला आजवर कळलेलं नाही आणि विचारण्याची हिंमत त्यांच्या बायकोनंही केली नसावी. पन्नाशीच्या आसपास त्यांना संगीताचा झटका आला. गंगापूर रोडला त्यांच्या गच्चीवर रविवारी सकाळी पाचसहा पुरुष जमतात, आधी मिसळ खातात, मग गिटारी काढतात आणि तीनच सुरांत बसणारी जुनी गाणी वाजवतात. वाजवण्यापेक्षा गिटारबद्दल बोलणं जास्त. कुणाची कुठल्या देशात बनली, कुणाच्या लाकडाला कुठला वास. त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात मलाही घेतलेलं होतं, कारण गच्चीवर कुणाची दाढ दुखली तर सोय असावी. या मंडळींत भाऊजींना सगळे 'सर' म्हणतात. त्यांनी कधी कुणाला काही शिकवल्याचं मी पाहिलेलं नाही, पण ते बोलत असताना इतरांनी मान हलवायची असते, त्या अर्थानं ते सर.

ते एका रविवारी आमच्याकडे आले. बरोबर एक छोटी पेटी होती, मखमलीचं अस्तर लावलेली, आत हत्यारं एका रांगेत. एकावरही ओरखडा नव्हता. मी आयुष्यभर हत्यारं वापरलेली बाई आहे. न वापरलेलं हत्यार मला लांबूनही ओळखू येतं. जेवणाच्या टेबलावर मी पोह्यांच्या ताटल्या ठेवल्या होत्या, त्या सरकवून त्यांनी गिटार आडवी ठेवली आणि नवऱ्याला जवळ बोलावून समजावायला सुरुवात केली. गिटार मी वाजवते, अंगठा माझा दुखतो, पण समजावलं नवऱ्याला. नवरा औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासतो, त्याला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. तो मान हलवत होता.

आधी त्यांनी ब्रिज खाली केला. ब्रिज म्हणजे खालच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात तो धातूचा भाग. त्याचे बारीक स्क्रू फिरवले की तारा वर-खाली होतात. त्यांनी ते असे फिरवले की तारा पट्ट्यांना जवळजवळ चिकटल्या. मग मला वाजवायला सांगितलं. मी वाजवलं तर प्रत्येक सुराबरोबर डब्यात माशी अडकावी तशी खरखर. मी त्यांच्याकडे पाहिलं.

ते हसले. "वहिनी, खरखर हा बोटांचा आजार आहे, गिटारचा नाही. बायकांच्या बोटांत मुळात जोर कमी असतो."

त्याच आठवड्यात मी एका पैलवानासारख्या माणसाची आडवी वाढलेली अक्कलदाढ काढली होती. पण टेबलावर पोहे होते, घरी पाहुणे होते. मग मी गिटार त्यांच्या हातात दिली आणि तुम्हीच वाजवून दाखवा म्हटलं. त्यांनी वाजवलं. खरखर तशीच. त्यावर त्यांनी सांगितलं की मग मानेचा दोष आहे.

गिटारच्या मानेत, म्हणजे पट्ट्या बसवलेल्या त्या लांब दांड्यात, एक लोखंडी सळई असते. तारांच्या ताणानं मान पुढे वाकते, ती सळई तिला मागे धरून ठेवते. सळई थोडी सैल केली तर मानेला बारीकसा बाक येतो, कसली तर मान सरळ होते, फार कसली तर उलटी मागे वाकते. हे सगळं मी नंतर शिकले. त्या दिवशी एवढंच दिसलं की भाऊजी किल्ली घालून ती सळई कसत होते, चेहऱ्यावर मोटारीचं चाक बदलणाऱ्याचं समाधान. कसत गेले. लाकडातून एक करकर आली. मी म्हटलं, थांबा. ते म्हणाले, लाकूड बोलतं, त्याला बोलू द्यावं.

आता तर वरच्या टोकाच्या पहिल्या दोनतीन पट्ट्यांवर सूर निघायचाच बंद झाला. तार नुसती पट्टीवर थडथडायची. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि निदान सांगितलं: पट्ट्या वरखाली झालेल्या आहेत, सगळ्या घासून सारख्या कराव्या लागतील. असं म्हणून पेटीतून कानस काढली.  एकदा घासलेला धातू परत येत नाही, जसा घासलेला दात परत येत नाही. आमच्या धंद्यात शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी हे सांगतात. आधी नक्की कुठं टेकतंय ते शोधायचं, मग फक्त तिथंच हात लावायचा. बाकीचं तोंड तसंच ठेवायचं.

मी हात पुढे करून तारांवर ठेवला. "भाऊजी, राहू द्या. आता हात लावू नका."

"वहिनी, हे नाजूक काम आहे. यात सवय लागते."

"तेच म्हणतेय मी," म्हटलं.

ते गेल्यावर नवरा माझ्याशी नीट बोलला नाही. माणूस सुट्टीच्या दिवशी मदतीला आला, त्याचा असा पाणउतारा करायचा? मी कसला पाणउतारा केला ते विचारलं तर म्हणाला, तुझ्या बोलण्यातच असतं. तेवीसएक वर्षं एका छताखाली काढल्यावर नवऱ्याला बायकोच्या आवाजातली धार कळते, मित्राच्या डोक्यातली पोकळी मात्र कळत नाही, हे मला नवं नव्हतं. मी ताटल्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिटार दवाखान्यात नेली. रुग्ण गेल्यावर दार ओढून घेतलं आणि तिला खुर्चीवरच आडवी केली. मानेखाली रुग्णांसाठीची उशी. वरचा दिवा लावला. भाऊजींच्या मखमली पेटीपेक्षा माझ्या ट्रेमध्ये कितीतरी उपयोगाच्या गोष्टी होत्या.

आधी सळई सैल केली, अगदी थोडीशी, आणि तारा पुन्हा सुरात लावल्या. मग काही केलं नाही. लाकूड एका झटक्यात जागेवर येत नाही, त्याला रात्र द्यावी लागते. दुसऱ्या दुपारी पुन्हा थोडी. गच्चीवरच्या मंडळींना हे कधीच जमलं नसतं, कारण यात बघणारं कुणी नसतं आणि बोलायला काही नसतं. मी पहिल्या पट्टीवर आणि शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरायची आणि मधल्या भागात तिच्याखाली किती फट राहते ते बघायची. आधी फट नव्हतीच, तार मधल्या पट्ट्यांवर झोपलेली. दोनतीन दुपारी गेल्या आणि तिथं जाड कागद जेमतेम सरकेल एवढी फट आली. हवा होता तो हाच बाक. तार हलते तेव्हा मधोमध सगळ्यात जास्त हलते, तिला तिथं जागा लागते. एवढी साधी गोष्ट.

पहिल्या पट्ट्यांवरचे सूर परत आले. मग ब्रिज थोडा वर घेतला, पुन्हा थोडा थोडा खाली आणत गेले. प्रत्येक वेळी सगळ्या तारा, सगळ्या पट्ट्या वाजवून बघायच्या. शेजारच्या मेडिकलवाल्याला वाटलं मी कुठलं नवं मशीन आणलं. एक वेळ अशी आली की तारा हव्या तेवढ्या खाली होत्या, अंगठ्याला त्रास नव्हता आणि सगळीकडे स्वच्छ आवाज येत होता, फक्त सातव्या पट्टीवर बारीक तार दाबली की खरखर. एकाच ठिकाणी. मला हसू आलं. दात भरून दिलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो ना, डॉक्टर, बाकी छान आहे, पण चावताना एकाच जागी टेकतंय, अगदी तसंच.

तिथं काय करायचं ते मला माहीत होतं. आम्ही दातांमध्ये एक निळा कागद ठेवतो आणि चावायला सांगतो, जिथं उंच असेल तिथं निळा ठिपका उमटतो. मी सातवीवर तार दाबली, तिच्या पुढच्या म्हणजे आठव्या पट्टीवर निळा कागद ठेवला आणि तार छेडली. कागद काढला. आठव्या पट्टीच्या कडेला निळी रेघ. मग एक छोटी सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून पाहिली, सातवी, आठवी, नववी अशी तिन्हींवर. ती डुगडुगली. आठवी पट्टी एका टोकाला लाकडातून किंचित उचलली गेली होती. नखाला लागेल न लागेल एवढी. सगळ्या गिटारमध्ये दोष एवढाच होता, आणि त्यासाठी तो माणूस सगळ्या पट्ट्या घासायला निघाला होता.

तिला घासलंही नाही. त्या जागेवरच्या तारा सैल करून बाजूला घेतल्या, दोन्ही बाजूंना टेप लावला, फटीत सुईच्या टोकानं पातळ गोंदाचा थेंब सोडला आणि लाकडाचा तुकडा ठेवून पट्टी दाबून धरली. दाबून धरायला उजवा हात वापरला, डाव्याला त्या दिवशी सुट्टी. वाळल्यावर पोलादी पट्टी ठेवली तर ती हलली नाही. तारा चढवल्या, सुरात लावल्या, सातव्या पट्टीवर बोट ठेवलं.

स्वच्छ.

मी दार बंद असलेल्या दवाखान्यात बसून चार वाजेपर्यंत वाजवत राहिले. बाहेर एक बाई गाल धरून थांबली होती. तिला वाटलं आत रेडिओ चालू आहे.

घरी आल्यावर नवऱ्याला वाजवून दाखवलं. तो खरोखर चकित झाला, कसं केलंस ते विचारलं, मी सगळं सांगितलं. निळ्या कागदाचं ऐकून तो मोठ्यानं हसला. त्या संध्याकाळी आमचं बरं चाललं होतं.

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम असतो. मसाला दूध, लहान मुलांचे नाच, मग ज्यांना गाता येत नाही अशांची गाणी. त्या वर्षी भाऊजींच्या मंडळीला बोलावलं होतं आणि नवऱ्याच्या आग्रहावरून मीही दोन गाण्यांना साथ द्यायची ठरली. गाणं चांगलं झालं. माझ्या गिटारचा आवाज उघड वेगळा होता, त्यांच्यातल्या एकानं मान वळवून पाहिलंही. टाळ्या झाल्यावर भाऊजींनी माइक हातात घेतला. वहिनींनी या वयात हिंमत केली म्हणून कौतुक केलं. मग म्हणाले की गिटारची अवस्था फार वाईट होती, पण आपण एका रविवारी बसून तिचं सेटिंग करून दिलं, आता बघा कशी वाजते. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

भाऊजींचं मला काही वाटलं नाही. मांजरीनं दूध प्यायलं तर कोण नवल करतं? मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत दुधाचा ग्लास घेऊन बसला होता आणि हसत टाळ्या वाजवत होता. त्याची माझी नजरानजर झाली. तरी तो वाजवत राहिला, आवाज फक्त जरा कमी झाला.

त्याबद्दल मी त्याला काही विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही. घरात कामापुरतं बोलणं चालू होतं: गॅस संपलाय, मुलीचा फोन येऊन गेला, उद्या पाणी येणार नाही.

मग थंडी पडली. नाशिकची थंडी कोरडी असते, टाचांना भेगा पडतात, दारं आकसून कड्या नीट बसेनाशा होतात. गिटारची मानही लाकडाचीच, ती या दिवसांत सरळ होत जाते आणि तारा आपोआप खाली बसतात. माझ्याही गिटारमध्ये खरखर आली. मी सळई किंचित सैल केली, दोन दिवस वाट पाहिली, झालं.

अशाच एका दुपारी दवाखान्याचं दार वाजलं. भाऊजी. पाठीवर गिटारची पिशवी. मला वाटलं दाढ दुखत असेल. ते खुर्चीत बसले नाहीत. इकडचं तिकडचं बोलले, द्राक्षांचा हंगाम, रस्त्यांची कामं, मग म्हणाले की त्यांची परदेशी गिटार महिनाभरापासून खरखरतेय. त्यांनी सळई कसून पाहिली होती. आणखी कसली होती. जरा बघता का, असं विचारताना ते भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहत होते.

मी पिशवी उघडून गिटार बाहेर काढली. फार सुंदर वस्तू होती. मान उलटी वाकलेली, नुसत्या डोळ्यांना दिसत होती. काम दोन दुपारींचं. तेही सोपं.

"करून देते," मी म्हटलं. "फक्त तुमच्या ग्रुपवर एकदा लिहा, वहिनी, माझ्या गिटारची खरखर काढून द्याल का. मी तिथंच हो म्हणेन."

ते हसले, मग हसायचे थांबले. "एवढ्यासाठी ग्रुपवर कशाला?"

"कोजागरीला माइकवर कशाला होतं?"

 लिहितो म्हणाले, संध्याकाळी लिहितो. गिटार मात्र ठेवून गेले नाहीत, पुन्हा पिशवीत घालून पाठीला लावली. संध्याकाळी ग्रुपवर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मिसळीचा फोटो टाकला.

मी नवऱ्याला हे सांगितलं नव्हतं. मित्रानंच सांगितलं असावं, अर्थात आपल्या पद्धतीनं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर नवरा म्हणाला की त्याला उगाच लाजवलंस, साधं काम होतं, करून द्यायचं. मी भाजी वाढत होते. मी विचारलं, "माझं काम कुणी केलं, हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग टाळ्या कुणासाठी वाजवत होतास?"

त्यानं पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाला की मित्र इतका जुना, सगळ्यांसमोर त्याला खोटं कसं पाडायचं. मी म्हटलं, मी पण जुनीच आहे.  मी त्याला भात वाढला. मला अजूनही वाटतं की त्यानं निदान एकदा, एका माणसासमोर तरी, खरं सांगायला हवं होतं. तो वाईट माणूस नाही. भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाला लोक प्रेमानं 'स्वभावानं चांगला' म्हणतात.

संक्रांतीच्या सुमारास भाऊजींनी ग्रुपवर नव्या गिटारचा फोटो टाकला. जुनी विकून टाकली, तिच्या लाकडातच दोष होता, असं खाली लिहिलेलं. माझ्या मते त्या लाकडात काहीही दोष नव्हता. ती आता कुणाच्या हातात असेल, आणि त्याला सळई सैल करायचं सुचलं असेल का, याचा मी जरा वेळ विचार केला. फोटोखाली एकामागून एक शुभेच्छा येत होत्या. आमचं जेवण नुकतंच झालं होतं, नवरा समोर सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. त्याचाही अंगठा उमटला.

मी गिटार घेऊन सुरात लावत बसले. थोड्या वेळानं सहज मोबाइल पाहिला तर त्याचा अंगठा तिथं नव्हता. तो सोफ्यावरच होता, खाली मान घालून काहीतरी वाचत असल्यासारखा. मग त्यानं तसंच न बघता विचारलं, "ते कोजागरीचं दुसरं गाणं वाजवतेस का?"

मी तिसरंच काहीतरी वाजवलं.